तारखेला भाषा कोण देतो?

‘सिस्टीममध्ये मराठी तारीख येत नाही हो,’ हे वाक्य आम्ही गेल्या वीस वर्षांत इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की आता ते ऐकताना रागही येत नाही. खिडकीपलीकडचा कारकून ते म्हणतो, बँकेतला अधिकारी म्हणतो, आमच्याच गल्लीत वाढून बंगळूरला नोकरीस लागलेला अभियंता म्हणतो. आणि अलीकडे मराठी संस्थांचे चिटणीसही आपल्या पावत्यांवरील इंग्रजी तारखांचे समर्थन याच वाक्याने करू लागले आहेत. बोलणारा बहुधा प्रामाणिक असतो. त्याला तसे सांगण्यात आलेले असते. परंतु प्रामाणिकपणे केलेले कथन खरे असतेच असे नाही, हे वकिलीच्या पहिल्याच वर्षी शिकावे लागते. सबब हे कथन आम्ही आज साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करीत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती. बहुतेक संगणकांच्या पोटात तारीख नसतेच. तिथे असतो एक आकडा. १ जानेवारी १९७० रोजी, ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, किती सेकंद उलटले त्याचा हा आकडा. युनिक्स या कार्यप्रणालीने रूढ केलेली ही मोजणी आज फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत सर्वत्र चालते. इंग्रजीत तिला टाइमस्टँप म्हणतात. आम्ही या लेखापुरते ‘कालांक’ म्हणू. कालांकाला महिना नाही, वार नाही, वर्ष नाही आणि भाषा तर नाहीच नाही. १९७० च्या आधीचा काळ ऋण संख्येने दाखवतात. (आमचा जन्म १९६९ चा, यंत्राच्या हिशेबात आम्ही शून्याच्याही खाली. गोवामुक्तीचा दिवसही तिथेच, त्यामुळे संगत वाईट नाही.)

म्हणजे ज्या ‘इंग्रजी तारखे’पुढे आपण हात जोडतो ती यंत्रात कोठेही साठवलेली नसते. पडद्यावर किंवा कागदावर उमटण्याच्या क्षणी त्या आकड्याची तारीख केली जाते. ती करताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: वेळ कोणत्या ठिकाणची धरायची, कालगणना कोणती आणि भाषा कोणती. या तीनपैकी एकही गोष्ट यंत्र स्वतः ठरवीत नाही. प्रणाली लिहिणाऱ्याने काही सांगितले नाही, तर त्याच्या आधी कोणीतरी ठरवून ठेवलेले यंत्र मुकाट्याने पाळते. ते आधी ठरवणारे बहुतांशी इंग्रजी बोलणारे होते, एवढाच काय तो इंग्रजी तारखेचा जन्मसिद्ध हक्क.

पहिली गोष्ट किती नाजूक असते ते पाहा. १७०००००००० हा कालांक घ्या. ग्रीनिचची वेळ धरली तर त्याची तारीख होते मंगळवार, १४ नोव्हेंबर २०२३, रात्रीचे दहा वाजून तेरा मिनिटे. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तासांनी, म्हणजे १९८०० सेकंदांनी, पुढे. ते मिळवले की तोच आकडा होतो बुधवार, १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे पावणेचारच्या सुमारास. ग्रीनिचला दिवाळीचा पाडवा आणि बेळगावला भाऊबीज! आकडा एक, क्षण एक, आणि तारखा दोन; दोन्ही खऱ्या. आता समजा, एखादी नोटीस मध्यरात्र उलटून गेल्यावर फोनवर आली आणि प्रणालीने ग्रीनिचची तारीख छापली. नोटिशीची मुदत एक दिवस आधीपासून चालू झाली. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १२ प्रमाणे पहिला दिवस मोजणीतून वगळतात खरा. पण पहिला दिवस कोणता, याचाच घोळ असेल तर वगळणार काय? ज्यांनी शेवटच्या दिवशी धावत जाऊन दावा दाखल केला आहे त्यांना एका दिवसाची किंमत विचारावी.

दुसरी गोष्ट कायद्याने ठरवून टाकली आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मुदतीसाठी सर्व दस्तऐवज ग्रेगोरियन कालगणनेनुसार केलेले मानायचे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातही महिना आणि वर्ष ब्रिटिश पंचांगाप्रमाणे धरायचे असे सांगितले आहे. येथे आमची तक्रार नाही. कायदा पंचांग ठरवतो. ते पंचांग कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत लिहावे याविषयी या दोन्ही ठिकाणी एक अक्षर नाही. ‘४ जुलै’ ही ग्रेगोरियन तारीखच आहे. ग्रेगोरियन म्हणजे इंग्रजी, हा समज आपल्या डोक्यात इतका घट्ट बसला आहे की पुष्कळ वकीलही तो कायदा म्हणून सांगतात.

उरली तिसरी गोष्ट, भाषेची. आणि नेमकी हीच ‘सिस्टीममध्ये येत नाही’ म्हणतात. वास्तविक जगातील शेकडो भाषांच्या तारखा कशा लिहाव्यात याचे एक भांडार युनिकोड संघटना चालवते. त्याचे नाव सीएलडीआर. अँड्रॉइडचे फोन, ॲपलचे फोन, क्रोम ब्राउझर हे सगळे तारखांसाठी त्याच भांडारातून घेतात. त्यात मराठी आहे, आणि पाहुण्यासारखी दाराशी उभी नाही. जानेवारी ते डिसेंबर मराठी नावांनी आहेत, मंगळवार ‘ळ’सह आहे आणि मराठीचे नेहमीचे अंक देवनागरीच धरलेले आहेत. हिंदीच्या बाबतीत त्याच भांडाराने नेहमीचे अंक आंतरराष्ट्रीय धरले. मराठीच्या बाबतीत देवनागरी. कोणी आंदोलन न करता मिळालेली ही गोष्ट आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? जावास्क्रिप्टमध्ये कालांकाची तारीख करताना भाषेच्या जागी ‘एमआर-आयएन’ एवढे लिहिले आणि कालविभागाच्या जागी ‘एशिया/कोलकाता’ लिहिले, की तीच प्रणाली ‘बुधवार, १५ नोव्हेंबर, २०२३’ असे लिहून देते. नवा फाँट नको, निविदा नको, समिती नको. एक ओळ.

मग इंग्रजी तारीख इतकी सर्वत्र का? आळसामुळे, आणि तो आळस सोयीचा करून ठेवल्यामुळे. पीएचपी या भाषेत तारीख लिहिण्याचे जे साधे फंक्शन नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात, ते महिन्यांची नावे केवळ इंग्रजीतच देते. भाषा बदला म्हटले तरी ऐकत नाही. दुसऱ्या भाषेत हवे असेल तर वेगळे फंक्शन वापरावे लागते, आणि ते दुसऱ्या दिवशी शिकवायचे राहून जाते. पायथनमध्ये भाषा सांगितली नाही तर इंग्रजी. सी या जुन्या भाषेत सांगितले नाही तर इंग्रजी. सांगितले नाही तर इंग्रजी, हे सूत्र सरकारी कार्यालयांतही चालते, म्हणून ते आमच्या चांगल्या ओळखीचे आहे.

आता कोणी म्हणेल, एवढ्यासाठी कशाला हा शब्दांचा खर्च? तारीख कोणालाही कळते. या ‘कोणालाही’ शब्दासाठी आम्ही एक प्रकरण सांगतो.

खानापूर तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी २०१९ च्या पावसाळ्यात आमच्याकडे आले. त्यांच्या जमिनीबाबत एका कार्यालयाने आदेश काढला होता. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून साठ दिवस. म्हातारबांनी आदेश हाती पडल्यावर अठराव्या दिवशी, २२ जुलैला, अपील दाखल केले होते. कार्यालयाने ते परत केले: मुदतबाह्य. कारण आदेश दिल्याची संगणकावरील नोंद होती ‘०७/०४/२०१९’. कार्यालयाच्या वाचनाप्रमाणे ७ एप्रिल. तेव्हापासून अपिलापर्यंत एकशे सहा दिवस झाले होते.

म्हातारबांचे म्हणणे एकच. “वकीलसाहेब, कागद मिळाला तेव्हा पेरणी झाली होती. आषाढी आठ दिवसांवर होती. गुरुवार होता, माझा उपास होता. पाडव्याच्या वेळचं हे कसं सांगतात?”

आम्हाला सोपा मार्ग दिसत होता. विलंबमाफीचा अर्ज द्यायचा, वयाचे आणि निरक्षरतेचे कारण दाखवायचे. बहुधा मंजूरही झाला असता. पण विलंबमाफी मागणे म्हणजे विलंब झाला असे मान्य करणे. आणि म्हातारबा निरक्षर नव्हते. मराठी चौथीपर्यंत शिकलेले, रोज वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ. त्यांना अडाणी ठरवून न्याय मिळवणे आम्हाला रुचले नाही.

आमच्या हाताखालच्या तरुण वकिलाने शंका काढली. नोंदीचा नमुना परदेशी सॉफ्टवेअरमधून जसाच्या तसा उचललेला दिसतो. अमेरिकेत आधी महिना लिहितात आणि मग दिवस. तसे असेल तर ही नोंद ७ एप्रिलची नसून ४ जुलैची. शंका म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून आम्ही छापलेली तारीख न मागता मूळ नोंद मागितली, पुरावा अधिनियमाच्या तेव्हाच्या कलम ६५ ब खालील प्रमाणपत्रासह. बऱ्याच हेलपाट्यांनंतर एक कागद मिळाला आणि त्यावर होता कालांक: १५६२२२०१२०.

सुनावणीच्या दिवशी आम्ही संगणक नेला नाही. कागद आणि पेन्सिल नेली. एका दिवसाचे सेकंद ८६४००. भागाकार केला: पूर्ण दिवस १८०८१, बाकी २१७२० सेकंद. बाकीत भारतीय वेळेचे १९८०० मिळवले: ४१५२०, म्हणजे सकाळचे अकरा वाजून बत्तीस मिनिटे. आता दिवस. १९७० पासून २०१८ अखेर एकोणपन्नास वर्षे, प्रत्येकी ३६५ प्रमाणे १७८८५, त्यांत लीप वर्षे बारा, एकूण १७८९७. उरले १८४. त्यातून जानेवारी ते जून या सहा महिन्यांचे १८१ वजा केले. उरले तीन. १ जुलैनंतर तीन दिवस उलटले म्हणजे ४ जुलै. शेवटी वार. १ जानेवारी १९७० हा गुरुवार होता. १८०८१ ला सातने पूर्ण भाग जातो. सबब ४ जुलै २०१९ हाही गुरुवार. म्हातारबांच्या उपासाचा गुरुवार.

अधिकाऱ्यांनी स्वतः भागाकार करून पाहिला, हे त्यांच्या मोठेपणाचे. मग त्यांनी समोरचे दिनदर्शिकेचे पान उलटून ७ एप्रिल पाहिला. रविवार, गुढीपाडव्याचा दुसरा दिवस. कार्यालय बंद. तीन महिने कोणाच्या हे लक्षात आले नव्हते, कारण छापलेल्या नोंदीत वारच नव्हता. अपील दाखल करून घेण्यात आले. अपिलाचे पुढे काय झाले हा निराळा विषय आहे.

या प्रकरणात कोणी लबाडी केली नव्हती. प्रणाली लिहिणाऱ्याने भाषा सांगितली नाही, म्हणून यंत्राने अमेरिकेची मांडणी घेतली. कारकुनाने ती भारतीय मांडणी म्हणून वाचली. त्या जागी ‘४ जुलै’ असे अक्षरांत लिहिलेले असते, मराठीत असो वा कन्नडमध्ये असो, तर ही चूक करता येणेच शक्य नव्हते. हे आम्ही मुद्दाम लिहितो. या बाबतीत आमचे भांडण कन्नडशी नाही. शेजारच्या गावचा कन्नड शेतकरीही तिरप्या रेघांच्या त्याच कोड्यापुढे उभा असतो, आणि सीएलडीआरमध्ये कन्नडही मराठीइतकीच व्यवस्थित आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयी केंद्राने १९५६ मध्ये जे निवेदन काढले, त्यात ज्या भागात अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात असे तत्त्व आहे. ते तत्त्व छापखान्याच्या काळात खर्चाचे होते. दुसऱ्यांदा खिळे जुळवावे लागत. कालांकाच्या काळात त्याच नोंदीवरून एकाला कन्नड तारीख आणि दुसऱ्याला मराठी तारीख दाखवायला शाईसुद्धा लागत नाही. खर्चाची सबब गेली, तरी नकार तसाच राहिला. त्यावरून नकाराचे कारण खर्च हे नव्हते एवढे अनुमान आम्ही काढले तर ते अवाजवी ठरू नये.

काही विद्वान अधिकारी येथे संविधानाचा अनुच्छेद ३४३ पुढे करतात. देवनागरी अंक चालत नाहीत, असे त्यात म्हटले आहे म्हणे. अनुच्छेद वाचला तर दिसते की संघराज्याच्या शासकीय प्रयोजनांसाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप वापरावे, एवढेच त्यात आहे. आणि इंग्रजीबरोबर हिंदीला तसेच त्या रूपाबरोबर देवनागरी अंकांना मुभा देण्याचा राष्ट्रपतींचा अधिकारही तेथेच आहे. नगरपालिकेच्या पाणीपट्टीच्या पावतीचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय संविधानाने ज्यांना ‘भारतीय अंक’ म्हटले त्यांना ‘इंग्लिश आकडे’ म्हणणारे आपणच.

आता आमच्या बाजूच्या चुका. त्या लपवणे आम्हाला शोभणार नाही.

एक गट असा आहे की त्याला सगळेच मराठीत हवे, साठवणसुद्धा. तारीख देवनागरीत करून तशीच कोठारात ठेवा, असे तो म्हणतो. हे चूक आहे. अक्षरांत ठेवलेल्या तारखा क्रमाने लावता येत नाहीत. ‘एप्रिल’ ‘जानेवारी’च्या आधी येऊन बसतो. देवनागरी अंक सगळ्या प्रणालींना वाचता येतात असेही नाही. पायथनला ‘१७००००००००’ असे देवनागरीत दिले तरी तो त्याची संख्या बरोबर करतो. जावास्क्रिप्ट करीत नाही. म्हणून साठवण कालांकाची करावी आणि दर्शन मराठीत द्यावे. मूर्ती गाभाऱ्यात एकच असते; पोशाख सणाप्रमाणे बदलतो. ज्यांना ही उपमा आवडत नसेल त्यांनी जंत्री आठवावी. पेशवे दफ्तरातील कागदावर ‘छ’ या अक्षरापुढे मुसलमानी महिन्याची तारीख आणि अरबी शब्दांतला शुहूर सन असतो. इतिहाससंशोधक मोडकांची किंवा खऱ्यांची जंत्री उघडून त्याची शके आणि इसवी तारीख काढतात. मूळ कागद कोणी खोडत नाही. एका कालगणनेतून दुसरीत नेण्याचे काम मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. ते काम आता एका ओळीत होते, तेव्हाच नेमके त्याला अवघड वाटू लागले.

दुसरा गट तिथी मागतो. त्याला आमचे सांगणे, की १५ नोव्हेंबर २०२३ ची तारीख भारतीय राष्ट्रीय पंचांगाने मागितली तर यंत्र ‘२४ कार्तिक १९४५’ देते. हे मेघनाद साहा यांच्या समितीने सुचवलेले आणि २२ मार्च १९५७ पासून लागू झालेले सौर पंचांग. राजपत्रावर छापतात ते. पण आपल्या घरातली त्या दिवसाची तिथी होती कार्तिक शुद्ध द्वितीया. दोन कार्तिक एक नव्हेत. तिथी सूर्योदयावर आणि स्थळावर ठरते. तिला पंचांगकर्ता लागतो. पावतीवर तिथी मागून मूळ मागणी हास्यास्पद करू नये.

तिसरी चूक सर्वांत बोचरी, कारण ती मराठी कंपन्यांतले मराठी अभियंते करतात. देवनागरी म्हणजे हिंदी असे समजून ते भाषेच्या जागी हिंदीची खूण लिहितात. मग मराठी मजकुराखाली ‘जनवरी’, ‘जुलाई’, ‘मंगलवार’ आणि आंतरराष्ट्रीय अंक उमटतात. ‘एचआय’ ऐवजी ‘एमआर’ लिहायला एकही अक्षर जास्त लागत नाही. दिल्लीने हिंदी लादली म्हणून ओरडणाऱ्यांनी आपल्या फोनमधील मराठी ॲप एकदा उघडून तारीख वाचावी.

आणि जेथे मराठी तारीख येते तेथे व्याकरण मरते. ‘आपला अर्ज बुधवार ला मिळाला’ हे वाक्य आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. प्रणाली लिहिणाऱ्याने वाक्याचा सांगाडा करून मध्ये मोकळी जागा ठेवली आणि त्या जागेत यंत्राने वार टाकला. मराठीत वाराला विभक्ती लागते: बुधवारी. रशियन भाषेत महिन्याचे नाव एकटे असताना एक रूप आणि तारखेत दुसरे रूप असते, म्हणून सीएलडीआरने तिच्यासाठी दोन्ही रूपे नोंदली आहेत. भाषेच्या गरजेपुढे यंत्र वाकते याचा तो दाखला आहे. मराठीला इतके करण्याचीही गरज नाही. आपल्या दस्तलेखकांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे: ‘बुधवार, दि. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी’. सगळी विभक्ती त्या एका ‘रोजी’ने उचलली; आधीचा भाग जसाच्या तसा ठेवता येतो. फारसीतून आलेला हा शब्द मोकळ्या जागेच्या वाक्यासाठीच घडवला असावा इतका चपखल बसतो. तसेच ‘१ दिवसापूर्वी’ आणि ‘३ दिवसांपूर्वी’ यांतला अनुस्वार. सीएलडीआरमध्ये एकवचन आणि अनेकवचन निराळे नोंदलेले आहे. ते न घेता स्वतःचे वाक्य जुळवणारे ‘१ दिवसांपूर्वी’ लिहून मोकळे होतात. भांडार दारात उभे असताना भीक मागण्याचा हा प्रकार आहे.

एका खुणेची ओळख मात्र प्रत्येक पक्षकाराने करून घ्यावी, विशेषतः आमच्या व्यवसायबंधूंनी. कोणत्याही नोंदीत ‘१ जानेवारी १९७०’ दिसली, आणि वेळ पहाटे साडेपाचची असली, तर ती तारीख नव्हे. ती रिकामी जागा आहे. कालांक भरलाच गेला नाही, यंत्राने शून्य धरले आणि शून्याची भारतीय वेळ छापली. जानेवारी १९७० मधील दुसरी एखादी तारीख, उदाहरणार्थ २० जानेवारी, दिसली तर बहुधा सेकंद आणि मिलिसेकंद यांची गफलत झालेली असते: जावास्क्रिप्ट सेकंदांऐवजी सेकंदाचे हजारावे भाग मोजते, आणि हजाराने गुणायचे राहिले की २०२३ सालचा माणूस १९७० च्या पहिल्या महिन्यात जाऊन पडतो. आमच्यासमोर एकदा विरुद्ध पक्षाने अशी नोंद पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा म्हणून गांभीर्याने दाखल केली होती. ज्या व्यवहाराबद्दल वाद होता त्यातील दोन्ही पक्ष तेव्हा जन्मलेले नव्हते.

विद्युत अभिलेखाचा पुरावा आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली येतो. १ जुलै २०२४ पासून तो अंमलात आहे. प्रमाणपत्राची आवश्यकता तर जालन्याच्या निवडणूक याचिकेतून निघालेल्या खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच पक्की केली होती. तेव्हा पक्षकारांनी छापील तारखेवर समाधान मानू नये. मूळ कालांक मागावा, कोणत्या कालविभागाने त्याची तारीख केली ते लेखी मागावे आणि तारीख महिन्याच्या नावासह व वारासह मराठीत मिळावी असा अर्ज सोबत जोडावा. अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. अर्ज मराठीतच लिहावा.

‘सिस्टीममध्ये येत नाही’ असे तोंडी उत्तर आले तर ते लेखी मागावे. आमच्या अनुभवात हे उत्तर आजवर एकानेही लेखी दिलेले नाही.

आमच्या स्वतःच्या कार्यालयातील फीच्या पावत्या मागील वर्षापर्यंत इंग्रजी तारखांनी निघत होत्या, हेही येथे नमूद करणे भाग आहे. सॉफ्टवेअर देणाऱ्या मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, तुम्ही कधी सांगितलंच नाही.” बदल करायला त्याला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. कालविभाग मात्र त्याने ग्रीनिचचाच ठेवला होता. ते आम्हाला पहाटे पाच वाजता केलेल्या एका पावतीवर कालची तारीख आल्यावर कळले, आणि त्याला पुन्हा बोलवावे लागले.